आबांसाठी वळलेला दोर

माझ्या पोटात काही राहत नाही, असं बाजारात म्हणतात. भाव असो की राग, आला की तोंडावर. खरं आहे ते. पण एक गोष्ट राहिली. गोदाला, म्हणजे माझ्या बायकोला, ती कधी सांगितली नाही. माझा जोडीदार बाबूभाई, त्याला त्या गोष्टीचं एक टोक माहीत आहे, कारण ते त्याच्या डोळ्यांदेखत घडलं. दुसरं टोक त्यालाही माहीत नाही. आज तुम्हाला सांगायला बसलोय — आणि बसल्यापासून उगाच उठून बैलांना पाणी दाखवून आलो. बैल तहानलेले नव्हते.

कुठून धरावं कळत नाही. बैल दाखवताना मी आधी शिंगं दाखवतो, मग पाठ, मग शेपूट; पाय शेवटी, कारण खोड बहुतेक पायातच असते. आताही माझं तसंच काहीतरी चाललंय. चालू दे. सवय आहे.

मी जनावरांचा व्यापारी. आमच्याकडे हेडी म्हणतात, आणि म्हणताना तोंड जरा वाकडं करतात. बाप लहानपणीच गेला. दुसऱ्याची गुरं वळली, दुसऱ्याच्या गोठ्यात झोपलो. पहिलं वासरू घेतलं ते लंगडं होतं म्हणून मिळालं. आज सावेडीच्या शेतांत माझा स्वतःचा गोठा आहे, नगरात स्वतःचं घर आहे. कुणी दिलेलं नाही. हे मी पुन्हा पुन्हा सांगतो असं गोदा म्हणते. सांगणारच. ज्याला दिलेलं असतं त्याला सांगावं लागत नाही.

आता सासरे. मी त्यांना मामा म्हणायचो, माझी पोरं आबा म्हणायची. राहुरीच्या जवळ, मुळेच्या काठी त्यांचं गाव. फार मोठी शेती नव्हती, पण जनावरातली समज मोठी. बाजारात दोघांचं जमेना की लोक त्यांना बोलावून आणायचे. ते बैलाच्या पाठीवरून, गुडघ्यांवरून हात फिरवायचे आणि बोलायचे, आणि ते बोलतील ते दोघांनाही कबूल असायचं. अशा माणसानं मला, एका हेड्याला, मुलगी दिली. का दिली? मला तेव्हाही कळलं नव्हतं.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती. पोरंही झाली होती. मी राहुरीच्या बाजारात एक जोडी उभी केली. त्यातला डावीकडचा बैल बसका होता — नांगराला जुंपला की तासात, म्हणजे नांगराच्या ओळीत, मध्येच मांडी घालून बसायचा, मग चाबूक मोडला तरी उठायचा नाही. मला ते माहीत होतं. घेणाऱ्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. बाजारात येताना डोळे ज्याचे त्यानं आणायचे असतात. उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरवत आमचं जमत आलं होतं. तेवढ्यात मामा मागून आले. बैलाच्या गुडघ्यावरचे घट्टे चाचपले आणि चारचौघांत म्हणाले, "जोडी माज्या जावयाची हाय. पर ह्यो बैल बसतो. घेनाऱ्यानं इचार करावा."

लोक हसले नाहीत. हसले असते तर मी एकदोघांची मानगूट धरली असती आणि मोकळा झालो असतो. ते नुसते मान हलवून पांगले. घेणाऱ्यानं माझ्या उपरण्याखालून हात काढून घेतला.

मामा खोटं बोलले नाहीत. कबूल. पण मला बाजूला घेता आलं नसतं? घरी येऊन चार शिव्या घालता आल्या नसत्या? "जोडी जावयाची हाय" हे आधी सांगायची काय गरज होती? तुम्ही म्हणाल, इतक्या वर्षांनी अजून तेच. हो, अजून तेच. माणूस गेला तरी मी त्यांच्याशी रोज सकाळी भांडतो, आणि रोज शेवटचा शब्द त्यांचाच असतो.

त्या दिवसापासून मी त्यांच्या दारात पाय ठेवला नाही. गोदालाही सांगितलं, माहेर आता पुरे. ती काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त राग येतो.

काही वर्षं अशीच गेली. लढाई सुरू झाली, भिंगारच्या छावणीत गोऱ्यांची वर्दळ वाढली, जनावरांना गिऱ्हाईक बरं मिळू लागलं. त्याच सुमारास माहेरच्या गावचा एक माणूस गोदाला निरोप सांगून गेला. आबांचे डोळे गेले होते. मोतीबिंदू. दिवसभर ओसरीवर बाजेवर बसून असतात. गोठा समोरच, अंगण ओलांडलं की. पण हात धरून न्या असं ते कुणाला म्हणायचे नाहीत. घरात सासूबाई आणि एक गडी, दोघांनीही विचारून पाहिलं होतं. मला काय लहान पोर समजता, म्हणाले. बैल हंबरला की मान तिकडे वळते, म्हणाला तो माणूस, पण बाजेवरून उठत नाहीत.

मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आतून काय वाटलं? बरं वाटलं का? थोडं वाटलं असावं. आणि थोडं — काय म्हणू — ज्या हातानं माझ्या बैलाची खोड पकडली तो हात आता नुसता मांडीवर पडून आहे, हे मला आवडलं नाही. दोन्ही एकदम वाटलं. असं होतं का कुणाला?

पोळा जवळ आला होता. माझ्या घरात पोळ्याच्या आधी दोर, गोंडे, घुंगरं, कवड्या यांचा पसारा असतो. एका संध्याकाळी पोरं त्या पसाऱ्यातच आंधळी कोशिंबीर खेळत होती. थोरला शंकर, मधली यमुना आणि धाकटी छबू, जिला अजून नीट पळताही येत नव्हतं. यमुनेवर राज्य होतं. डोळ्यांवर फडकं तसंच ठेवून ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "म्हंजी आबांवर रोजच राज्य हाय."

गोदा चुलीपाशी होती. तिनं तोंड फिरवलं.

दोराची कल्पना त्याच पोरीची. ओसरीच्या खांबापासून गोठ्यातल्या खुंटापर्यंत हाताच्या उंचीवर एक दोर बांधायचा. आबा तो धरून जातील, कुणाला विचारायला नको. गोदानं त्यात भर घातली — दोर नुसता नको, तिघांचा तीन तऱ्हेचा असावा. म्हणजे चालता चालता त्यांना कळेल, आता शंकर आला, आता यमुना, आता छबू. मग ती माझ्याकडे वळली. "मी माहेरी जाते म्हनत न्हाई," म्हणाली. "राहुरीच्या बाजाराला जाल तवा तेवढा दोर टाकून या."

मी हो म्हणालो. आणि त्यापुढे जे केलं ते अजून मला पटत नाही — मी त्यांच्यात जाऊन बसलो. पोरांना पीळ घालता येत नव्हता. अंबाडीचा वाख वाया घालवत होती, ते बघवेना. म्हणून मी एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलं आणि दाखवलं, असं मांडीवर वळायचं, असं. मग उठलोच नाही. त्या दिवसांत सावेडीचा गोठा मी गड्यावर सोडला आणि घरी दोर वळत बसलो. ज्या माणसाचं नाव घरात काढू देत नव्हतो, त्याच्यासाठी.

शंकरनं आपला भाग तिपेडी विणला, अगदी घट्ट, मध्ये मध्ये कवड्या. वाणी हिशेब मांडतो तसा, तोंड बंद करून विणायचा. छबूनं काय बांधावं याला धरबंध नव्हता. बटण, रिकामं रीळ, मक्याचं कणीस खाऊन उरलेलं बुरकुंड, माझ्या जुन्या पैरणीची बाही. गोदानं ते सगळं तसंच दोरात ओवलं. गोठ्याकडच्या टोकाला घुंगरं लावली. ती सासूबाईंसाठी — आबा निघाले की दोर हलेल आणि चुलीपाशी आजीला ऐकू जाईल.

आणि यमुना. तिचा हात घाईचा. तिचा पीळ जाड-बारीक, जाड-बारीक व्हायचा. तिचा भाग मधला, त्यामुळे शंकरच्या भागाला जोडायची गाठ तिनं मारायची असं ठरलं. ती कुणाला हात लावू देईना. मी गाठ ओढून पाहिली, आणि सवयीनं बोललो. बाजारात बोलतो तसं, माल घेण्याआधी नाव ठेवायचं म्हणून. म्हणालो, "ढिली हाय. सुटंल, आन आबा पडतील."

ती हसली नाही. गाठ सोडली, पुन्हा मारली. दातांनी ओढली. पुन्हा सोडली, पुन्हा मारली. मग माझ्यापुढे धरून उभी राहिली. मी एक टोक खांबाला बांधलं आणि दुसऱ्याला सगळा भार टाकून मागे रेललो. गाठ हलली नाही. आवळून दगडासारखी झाली. हे मी अगदी नीट पाहिलं आहे. हे विसरू नका, मी पाहिलं आहे.

शेवटी दोर अंगणात बांधून बघितला. गोदानं पदर डोळ्यांवर ओढला आणि दोर धरून चालत गेली, प्रत्येकाच्या भागाशी थांबून नाव घेत. छबूच्या कणसाशी आली आणि तिला हसू आवरेना. मग पोरांनी मलाही चालायला लावलं. मी डोळे मिटले. दोर हाताखालून सरकत होता. आधी कवड्या, मग ती दगडासारखी गाठ, मग जाड-बारीक, जाड-बारीक. मला एकदम वाटलं की मामांना हे फार आवडेल. आणि तसं वाटल्याचा मला रागही आला.

पोळा झाला आणि मी राहुरीच्या बाजाराला निघालो. बाबूभाई बरोबर होता. त्याचं कुटुंब नगरातलंच, आमचा धंदा वर्षानुवर्षांचा एकत्र. मला आवरायचं काम तो न सांगता करतो. जोडी चांगली होती. यावेळी खरोखर चांगली, खोड नसलेली. दोर पोत्यात होता. बाजारात उतरलो तेव्हा जोडी जरा फिकी वाटली म्हणून मी तो काढला आणि दोन्ही बैलांच्या मानांना वेढे दिले. घटकाभरासाठी. संध्याकाळी सोडून सासुरवाडीला नेणारच होतो. बाबूभाईला मी दोराची हकिकत वाटेत सांगितली होती, बढाई मारत सांगितली होती.

कवड्यांनी आणि लाल गोंड्यांनी बैल असे उठून दिसले की माणसं थांबू लागली. श्रीगोंद्याकडचा एक शेतकरी बराच वेळ रेंगाळला. दात पाहिले, चाल पाहिली, पाठ पाहिली. उपरण्याखाली हात गेले. जमत आलं. मग त्यानं माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं आणि विचारलं की ज्यांच्या सासऱ्यानं बसका बैल सांगितला होता ते तुम्हीच काय. ती गोष्ट पार श्रीगोंद्याला पोचली होती. तो हसत हसत म्हणाला, "मंग तुमच्या सासऱ्यालाच इचारून घेतो आदी. त्यांचं गाव हितंच हाय ना?"

त्याचा टोमणा नव्हता कदाचित. साधा माणूस होता. पण माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. त्याच बाजारात, जवळजवळ त्याच जागेवर. मी त्याचा हात सोडला नाही. उलट घट्ट धरला आणि म्हणालो की कुणाला विचारायचं काम नाही, हव्या त्या भावात ने, आत्ता ने, दोरासकट ने.

आमच्यात जनावर विकतात पण त्याच्या गळ्यातलं दावं देत नाहीत. दावं दिलं तर गोठ्याची बरकत त्याच्या मागोमाग जाते. पोरालासुद्धा माहीत असतं ते. बाबूभाईनं माझा खांदा धरला. "दावं द्यायचं नाही," म्हणाला. "आणि हे तर दावंसुद्धा नाही. पोरांचं आहे."

मी त्याचा हात झटकला. त्या शेतकऱ्यानं दोर बघितला, खूश झाला, आणि जोडी घेऊन चालू लागला. मी बघत राहिलो. दोन्ही बैल पुढे, त्यांच्या मानांवर माझी तिन्ही पोरं. छबूचं रीळ हलत होतं. हाक मारली असती तर तो थांबला असता. बाजाराच्या तोंडाशी पोचेपर्यंत थांबला असता. बाबूभाई माझ्याकडे बघत होता. मी बिडी पेटवली.

मामांचं गाव तिथून किती, गाडी जुंपली असती तर दिवस मावळायच्या आत पोचलो असतो. रिकाम्या हातानं का होईना. गेलो नाही.

घरी आलो तर तिघंही दारात. काय म्हणाले आबा? आणि इथे मी जे केलं त्याला काय म्हणावं — मी थांबलो नाही, अडखळलो नाही. मी सांगू लागलो. आबांनी कवड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, ह्यो शंकर. आजी पळत आली. आबा उठले, कुणाचा हात न धरता अंगण ओलांडलं, गोठ्यात गेले, बैलाच्या गळ्यात पडले. मी इतकं छान सांगितलं की सांगता सांगता मलाच ते खरं वाटू लागलं. गोदा उंबऱ्यावर बसून रडत होती. यमुनेनं विचारलं, माझ्या गाठीपाशी थांबले का? मी म्हणालो, थांबले. चाचपली, आणि म्हणाले, गाठ लई पक्की हाय.

तुम्हाला वाटेल, हीच ती गोष्ट. नाही. एवढंच असतं तर कधीतरी रागाच्या भरात माझ्या तोंडून निघून गेलं असतं.

दिवाळीनंतर थंडी पडली, आणि एक दिवस निरोप आला की आबा पडले. आम्ही पोरांना शेजारी ठेवून निघालो. पोचलो तेव्हा ते गेले होते, त्यांना अंगणात आणून ठेवलं होतं. सकाळी सकाळी बैल हंबरला म्हणून ते एकटेच उठले होते. गोठ्याच्या तोंडाशी पाणी पाजायची दगडी डोणी आहे, तिच्यावर पडले. वर्षभर बाजेवरून न उठणारा माणूस त्याच दिवशी का उठला? दोर असता तर पडले नसते का? दोर धरूनही माणसं पडतात. मी हे इतक्या वेळा उलटंसुलटं केलंय की आता त्यातलं काहीच कळेनासं झालंय.

सगळं उरकून आलो. बायका ओसरीवर बसल्या होत्या. मी पुरुषांबरोबर दाराशी उभा होतो, डोक्यावर टॉवेल. गोदानं अंगणात इकडेतिकडे बघितलं, मग आईला विचारलं, "आई, पोरांचा दोर कुठाय गं?"

सासूबाईंना त्या दोराचं काय माहीत असणार? त्यांनी गोदाकडे बघितलं. तिचं तोंड बघितलं. मग सावकाश दाराकडे, माझ्याकडे. मी त्या नजरेपुढून हललो नाही. हलता आलं नाही. मग त्यांनी गोदाच्या पाठीवर हात ठेवला. "त्यांच्यासंगं दिला," म्हणाल्या. "त्यांच्या हातातच ऱ्हाऊ दिला."

का? मला वाचवायला? लेकीला वाचवायला? की त्यांना काही कळलंच नव्हतं, आणि गोदाला पाहिजे ते उत्तर त्यांनी देऊन टाकलं? निघताना मी पाया पडलो. त्या म्हणाल्या, "जावईबापू, येत ऱ्हावा." एवढंच. पुढे त्या होत्या तोवर मी दोनचारदा गेलो. कधी विषय निघाला नाही. मी काढला नाही.

घरी आल्यावर गोदानं पोरांना सांगितलं की आबा गोठ्यात जाताना पडले आणि गेले, तुमचा दोर त्यांच्याबरोबर गेला. ती ते समाधानानं सांगत होती. शंकर रडला. छबूला काही कळलं नाही. यमुना तिला कडेवर घेऊन बाहेर गेली. गोदाला वाटलं, पोर समजूतदार आहे.

दोनचार दिवसांनी यमुना माझी भाकरी घेऊन सावेडीला आली. नेहमी शंकर यायचा. मी कडब्याच्या पेंढ्या रचत होतो. भाकरी खाली ठेवून ती उभीच राहिली. मी म्हणालो, काय गं? ती म्हणाली, "आण्णा, माजी गाठ सुटली व्हय?"

आता सांगतो. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक विचारतं, बैलाला काही खोड हाय का? त्याला हो म्हणायचं नसतं आणि नाहीही म्हणायचं नसतं. नाही म्हटलं तर उद्या गळ्यात येतं. त्यावर एकच उत्तर असतं, आणि ते माझ्या तोंडातून विचार न करता येतं. गोदानं भाव विचारला, कुणी पावसाचं विचारलं, तरी तेच येतं. त्या दिवशीही तेच आलं.

मी म्हणालो, "आसंल."

नाही म्हणायला काय लागत होतं? खरं सांगायला धीर नव्हता, ठीक. पण खोटं? खोट्यानंसुद्धा काम झालं असतं. गाठ पक्की होती, आबांचा पाय घसरला. हे मला सुचलं नाही असं नाही, सुचलं. त्याच क्षणी हेही मनात आलं की दोर शाबूत होता म्हटलं तर ही पुढचं विचारील, आणि घरी जाऊन आईला सांगेल, आई तिच्या आईला विचारील. धागा ओढला गेला तर कुठपर्यंत जाईल याचा हिशेब मी एका श्वासात केला. आणि माझ्या पोरीच्या पदरात ते टाकून मोकळा झालो. गाठ मी स्वतः ओढून पाहिली होती. ती सुटली नव्हती. ती तिथे नव्हतीच. श्रीगोंद्याच्या कुठल्या तरी गोठ्यात होती.

तिनं मान हलवली. रडली नाही. पेंढीतली एक काडी उचलली, टाकली, आणि निघून गेली. मी पेंढ्या रचत राहिलो.

त्यानंतर तिनं गाठ मारायची सोडली. आम्हाला लगेच लक्षात आलं नाही. वेणीची फीत आईकडून बांधून घ्यायची. गोदा म्हणायची, एवढी घोडी झाली तरी लाड. विहिरीवर दोर घागरीला लावायची वेळ आली की शंकरला हाक. एकदा माझं वासरू मोकळं सुटून रानात गेलं, कारण तिला बांधायला सांगितलं होतं आणि तिनं दोर नुसता खुंटाला गुंडाळून ठेवला होता. मला संताप आला. मी तिला मारलं. का बांधलं नाहीस म्हणून विचारत होतो आणि मारत होतो. ती माझ्याकडे नुसती बघत होती. उत्तर तिलाही माहीत होतं आणि मलाही. गोदानं मध्ये पडून सोडवली.

तिचं लग्न मी चांगल्या घरी करून दिलं. सासरी हसतात म्हणे तिला, पोतं बांधता येत नाही म्हणून. नवरा चांगला आहे, तो बांधून देतो.

आता स्वराज्य आलंय. धान्याचा कंट्रोल अजून गेला नाही. यमुना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगा झाला. बारशाच्या दिवशी घर बायकांनी भरलं होतं. पाळणा तुळईला टांगायचा होता. शेजारच्या काकूनं दोर यमुनेच्या हातात दिला आणि म्हणाली, तू उंच हायस, मार गाठ. यमुनेनं दोर असा सोडला जणू निखारा. हात पाठीमागे घेतले. हसली, बायकांपुढे हसावं तसं. मग दारात मी दिसलो.

"माजी गाठ ऱ्हात न्हाई," ती म्हणाली. "आण्णा, तुमी मारा."

बायका हसल्या. मी आत गेलो. पाटावर चढून दोर तुळईवरून घेतला आणि गाठ मारली. भार टाकून ओढून पाहिली. खाली उतरताना तिला म्हणालो, तूही एकदा ओढून बघ. ती बाळाला उचलत होती. म्हणाली, "तुमची हाय न्हवं? मंग काय बघायचं." आणि तिनं बाळ पाळण्यात ठेवलं. माझ्याकडे तोंड करून उभी होती, हाताच्या अंतरावर. बायकांनी अजून पाळणा धरला नव्हता. गोदा कुंची आणायला आत गेली होती. बोलायला तेवढा वेळ होता.

मी पाट उचलून भिंतीला लावला आणि बाहेर येऊन बसलो.

आज बारशाला आठवडा झाला. ती आतल्या खोलीत आहे, पाळणा हलल्याचा आवाज इथे येतो. मी हे तुम्हाला सांगितलं. तिला नाही.